सरावात छाती हादरते, रेकॉर्डिंगमध्ये मात्र आवाज पोकळ: मेटल अल्बमविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर

फोंड्याच्या एका बँडमधील गिटारवादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघांचा डेथ मेटल बँड आहे, गिटार ड्रॉप ए मध्ये (सर्वांत खालची तार ए स्वरापर्यंत उतरवून) लावलेल्या आहेत आणि घरामागच्या दहा बाय दहा फुटांच्या, जवळपास तेवढ्याच उंचीच्या खोलीत सराव चालतो. तेथे वाजवताना छाती हादरते, पण स्वतः रेकॉर्ड केलेल्या तीन गाण्यांत आवाज पोकळ, गिचमिड आणि दूरचा वाटतो. त्यावर उपाय म्हणून गेन (आवाज फाटण्याचे प्रमाण) वाढवला, गिटारचे सहा थर घातले, रिव्हर्ब (प्रतिध्वनी) दिला, शेवटी मास्टरिंगच्या (गाण्याच्या अखेरच्या संस्काराच्या) प्लगइनने पातळी चढेल तितकी चढवली, आणि प्रत्येक पायरीवर जोर कमीच होत गेला. आता आठ गाण्यांचा पहिला अल्बम करायचा आहे. पैसे बेताचे आहेत, मुंबई-बंगळुरूच्या स्टुडिओत जावे की गोव्यातच करावे हे ठरत नाही, आणि एका गाण्यात घुमट हे गोव्याचे मडक्याचे तालवाद्य वाजवण्याचीही इच्छा आहे.

मी गोव्यात ध्वनिमुद्रणाचे काम करतो. भजने, नाट्यगीते, चर्चचे गायनवृंद आणि तियात्र या कोकणी नाटकांची गाणी यांवर माझे घर चालते. मेटल बँडचे काम मी मुख्यतः आवडीपोटी घेतो. हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून पुष्कळदा ऐकला आहे आणि तो बहुधा ‘कोणता अँप (अँप्लिफायर) घ्यावा’ किंवा ‘कोणता स्टुडिओ चांगला’ अशा रूपात येतो. माझ्या मते तुमचा मूळ प्रश्न निराळा आहे. सरावात जो दणका बसतो, त्यातला किती भाग तुम्ही चौघे वाजवता आणि किती भाग ती खोली वाजवते? रेकॉर्डिंगमध्ये ती खोली उरत नाही. ती जे काम फुकटात करत होती, ते आता गाण्याच्या रचनेकडून, तारांकडून आणि हातांकडून करून घ्यावे लागते.

आधी खोलीचा हिशोब पाहू. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर अंतर असेल, तर त्याच्या दुप्पट लांबीची ध्वनिलहर त्या दोन भिंतींमध्ये अडकते आणि स्वतःवरच चढत राहते. आपल्याकडच्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर धरला, तर ही लहर ५७ हर्ट्झच्या आसपासची येते. ड्रॉप ए मध्ये तुमची सर्वांत खालची तार ५५ हर्ट्झवर असते. त्यातून तुमच्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारखी असल्यामुळे तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच जागी येऊन बसले आहेत. त्याच्या दुप्पट ठिकाणी, म्हणजे ११४ हर्ट्झला, पुन्हा तोच प्रकार आहे आणि तेथून ११० हर्ट्झचा वरचा ए अगदी जवळ आहे. चिऱ्यांच्या जाड, गिलावा केलेल्या भिंती हा खालचा आवाज सहजासहजी बाहेर जाऊ देत नाहीत. तुम्ही उघडी तार छेडली की खोलीच तो स्वर धरून ठेवते, आणि तुमची सगळी गाणी त्याच स्वरावर असल्यामुळे खोली अखंड तुमच्या बाजूने वाजत असते.

गिटारच्या १२ इंची स्पीकरमधून ७०-७५ हर्ट्झच्या खाली फारसे काही बाहेर पडत नाही, हेही लक्षात घ्यावे. सरावात तुम्ही ज्याला गिटारचा जडपणा समजता, तो मोठ्या प्रमाणात बेस गिटार, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि खोली यांचा मिळून झालेला असतो. रेकॉर्डिंगसाठी माइक स्पीकरच्या जाळीपासून इंचभरावर ठेवला की त्याला खोली जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि गिटार प्रत्यक्षात जेवढी असते तेवढीच उघडी पडते. आणखी एक फसवणूक कानाची आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे आवाज मोठा असताना कानाला खालचे स्वर जास्त भरून येतात. पातळी उतरली की तेच स्वर सर्वांत आधी विरतात. सरावात शंभर-एकशेपाच डेसिबलवर ऐकलेले गाणे घरी सत्तर डेसिबलवर ऐकले तर ते बारीक वाटणारच. खात्री करून घ्यायची असेल तर एखाद्या दुपारी, शेजाऱ्यांना सांगून, दोन्ही अँप अंगणात काढा आणि तेच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) मोकळ्या हवेत वाजवा. जे शिल्लक राहील, ते खरोखर तुमचे आहे. अल्बमची तयारी तेथून सुरू करावी.

आता तारांकडे येतो, कारण हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. साध्या २५.५ इंच स्केलच्या गिटारवर नेहमीचा दहा-शेहेचाळीसचा संच (सर्वांत जाड तार ०.०४६ इंचाची) ठेवून तार ए पर्यंत उतरवली, तर ती इतकी सैल होते की पिकचा जोरदार घाव बसताच स्वर क्षणभर वर चढतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. एका गिटारवर हे कानाला ‘रागीट’ वाटते. डाव्या-उजव्या बाजूंना दोन टेक (वेगवेगळ्या वेळी वाजवून घेतलेली रेकॉर्डिंग) लावले की मात्र दोन्हींचे चढणे-उतरणे जुळत नाही आणि स्वराऐवजी नुसती गुरगुर उरते. खालची तार किमान ०.०६२ ते ०.०६४ इंच जाडीची घ्यावी, त्यानुसार नटची (मानेच्या टोकाच्या पट्टीची) खाच आणि इंटोनेशन जाणकाराकडून नीट करून घ्यावे, आणि ट्यूनरवर तार लावताना हळुवार छेडून न लावता, गाण्यात जेवढ्या जोराने वाजवणार तेवढ्याच जोराने छेडून लावावी. माझ्याकडे प्रत्येक टेकनंतर ट्यूनिंग तपासले जाते. वादकांना याचा कंटाळा येतो, पण त्याला इलाज नाही.

सहा थरांविषयी मी स्पष्टच सांगतो: चार काढून टाका. प्रति मिनिट २०० ठोक्यांच्या लयीत सोळांश मात्रांमधले अंतर ७५ मिलिसेकंद असते. हात कितीही तयार असला तरी प्रत्येक टेकमध्ये घाव दहा-पंधरा मिलिसेकंदांनी मागेपुढे पडतोच. दोन टेकमध्ये हा फरक रुंदीसारखा ऐकू येतो आणि तो हवाच असतो. सहा टेकमध्ये प्रत्येक घावाची कड पसरून पुढच्या घावाच्या जवळ सरकते आणि पाम म्यूटमधली (तळव्याने तार दाबून वाजवण्यातली) जी क्षणभराची शांतता जोराचा आभास देते, ती भरून जाते. दोन बाजूंना दोन वेगळे टेक पुरेसे असतात. मात्र ते दोन्ही खरोखर वाजवलेले हवेत, एकाची प्रत काढून दुसऱ्या बाजूला टाकलेली नको, कारण प्रत काही मिलिसेकंद सरकवून लावली की रुंदी मिळाल्यासारखे वाटते आणि मोबाइलच्या एका स्पीकरवर ऐकले की आवाजच खंगतो.

गेनचे कारणही याच जातीचे आहे. डिस्टॉर्शन म्हणजे एका परीने अतिरेकी कॉम्प्रेशन. हळू घाव आणि जोरदार घाव दोन्ही एकाच उंचीवर कापले जातात. जितका गेन जास्त, तितका पिकचा आघात कमी आणि मधली सळसळ जास्त. मी वादकाला सांगतो की सरावाच्या सेटिंगवरून गेन एवढा खाली आणा की तुम्हाला वाजवताना किंचित अडचण वाटू लागेल, आणि उरलेला जोर मनगटातून द्या. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचे पेडल लावून त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल जवळजवळ पूर्ण ठेवण्याची पद्धत मेटलमध्ये रूढ आहे, ती उगीच नाही. ते पेडल अँपमध्ये शिरण्याआधीच खालचा भाग कापते, त्यामुळे खालची तार अँपमध्ये फाटत नाही आणि घाव मोकळा राहतो.

येथे परिस्थितीचा प्रश्न येतो, आणि तो मान्य केला पाहिजे. तुम्हाला जर जुन्या स्टॉकहोमच्या डेथ मेटल बँडांसारखा करवतीचा आवाज हवा असेल, तर वरचा सल्ला बराचसा उलटा होतो. तेथील सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्ग यांनी ध्वनिमुद्रित केलेला एन्टूम्ब्ड या बँडचा १९९० चा ‘लेफ्ट हँड पाथ’ हा अल्बम बॉस कंपनीच्या एचएम-२ या स्वस्त पेडलच्या अतिरेकावर उभा आहे. तेथे डिस्टॉर्शन हीच रचना आहे. पण त्या अल्बमची गाणीही तशीच बांधलेली आहेत. तुम्ही वर्णन केलेली गाणी जलद, तुटक आणि किकबरोबर जुळून चालणारी आहेत असे मी समजतो, आणि तसे असेल तर स्पष्टता आधी, रंग नंतर.

बेस गिटार हा तुमच्या अल्बमचा हरवलेला अर्धा भाग आहे असा माझा अंदाज आहे, कारण प्रश्नात तुम्ही सगळ्याचा उल्लेख केलात, त्याचा केला नाहीत. ड्रॉप ए मध्ये बेसची खालची तार २७.५ हर्ट्झवर येते. हा मूळ स्वर बहुतेक स्पीकरांतून निघतच नाही. ऐकू येतात ते त्याच्या वरचे ५५ आणि ८२ हर्ट्झचे अंश. म्हणजे गिटार जेथे संपते, नेमकी तेथेच बेसची खरी जागा आहे. मी बेस थेट डीआय बॉक्समधून (अँप आणि माइकशिवाय) घेतो आणि त्याचे दोन ट्रॅक करतो. एकात साधारण १५०-२०० हर्ट्झच्या खालचा भाग स्वच्छ आणि कॉम्प्रेसरने घट्ट धरलेला असतो. दुसऱ्यात वरचा भाग गिटारसारखाच डिस्टॉर्शन देऊन ठेवलेला असतो. गिटारना ८०-१०० हर्ट्झच्या खाली कापून टाकतो. एकट्या ऐकल्या तर त्या गिटार तुम्हाला दुबळ्या वाटतील आणि तुम्ही माझ्याशी भांडाल, पण बेस सुरू करताच त्या पुन्हा दांडग्या होतात. बेसवादकाला हे एकदा ऐकवावेच. त्याच्या वाजवण्यात दुसऱ्या दिवशीच फरक दिसतो.

ड्रमसाठी पैसे राखून ठेवा, असे मी प्रत्येक बँडला सांगतो. गिटार घरी डीआयवर रेकॉर्ड करून नंतर चांगल्या अँपमधून पुन्हा वाजवता येते, गळा कोठेही रेकॉर्ड होतो, पण ड्रमला खोली आणि माइक लागतातच. जलद डबल बेसमध्ये (दोन्ही पायांनी किक वाजवताना) किकचा खालचा धक्का प्रत्येक ठोक्याला पूर्ण उमलू शकत नाही, म्हणून ठोका ऐकू येतो तो ३ ते ५ किलोहर्ट्झमधल्या बीटरच्या टकटकीमुळे. लोकरी बीटरऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा बीटर घ्यावा. ब्लास्ट बीटमध्ये (किक, स्नेअर आणि झांजांच्या अतिजलद ठोक्यांत) बहुतेक ड्रमर नकळत स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) हलका आणि झांजा जोरात वाजवतात, आणि मग मिक्समध्ये स्नेअर वर उचलला की त्याच्याबरोबर झांजाही वर येतात. हे मिक्सरवर सुटत नाही. ड्रमरला महिनाभर आधी सांगून हाताचे वजन उलटे करायला लावावे लागते. ओव्हरहेड (ड्रमच्या वरचे) माइक लावताना स्नेअरच्या मध्यापासून दोन्हींचे अंतर सुतळीने मोजावे. एकाच आवाजासाठी लावलेल्या दोन माइकांत दहा सेंटिमीटरचा फरक पडला, तर सुमारे १७०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकांना खोडतात आणि नेमका स्नेअरचा कणा जातो. गिटारच्या एका कॅबिनेटवर दोन माइक लावलेत तर हाच नियम आहे.

किकवर तयार सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेला ठोका) चढवावे का, हा वाद तुमच्या बँडमध्येही होईल. ड्रमरचा प्रत्येक ठोका जागेवर आणि एकसारखा असेल तर मूळ आवाजात थोडे सॅम्पल मिसळून काम भागते. नसेल, तर सगळे ठोके बदलून यंत्रासारखे सरळ करण्यापेक्षा मी लय आठ-दहा ठोक्यांनी खाली आणायला सांगतो. ड्रमरला अपमान वाटतो खरा, पण १९० वर नेमके वाजलेले रिफ २१० वर धापा टाकणाऱ्या रिफपेक्षा जास्त जलद भासते.

यातूनच रचनेचा मुद्दा निघतो, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे. आपण गोव्यातली माणसे देवळातल्या मैफली ऐकत वाढलेलो असतो. विलंबित ख्यालानंतर येणारी द्रुत बंदिश अंगावर येते ती आधीच्या विलंबितामुळे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही मेटल बँड पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच लयीत, एकाच पातळीवर, सर्व वाद्ये एकदम वाजवतो आणि तीव्रता का येत नाही असे विचारतो. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल दाखवत असत, आणि तेही याच मातीतले होते. डबल बेसवर बसणाऱ्या मुलाने लयकारी हे परके शास्त्र समजू नये. ब्लास्ट बीटखाली गिटारने निम्म्या गतीने लांब स्वर धरले तर वेग दुप्पट जाणवतो. ब्रेकडाउनच्या (संथ, जड भागाच्या) आधी सगळ्यांनी एक मात्रा पूर्ण थांबले तर पुढचा घाव मोठा वाटतो, आणि त्यासाठी एका डेसिबलचीही वाढ करावी लागत नाही. सरावाच्या खोलीत ही थांबलेली मात्रा अनुनादाने भरून जात असल्यामुळे तुम्हाला तिची सवयच नाही. प्रत्येक गाण्यात असे एक तरी ठिकाण शोधा.

रिव्हर्बने जागा मोठी वाटते, पण जलद वाजवण्यात तो दोन घावांमधली फट बुजवतो. स्लेयर या बँडचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ हा अल्बम या दृष्टीने अभ्यासावा: दहा गाणी, एकूण सुमारे २९ मिनिटे, आणि रिक रुबिन यांच्या निर्मितीत आवाज जवळजवळ कोरडा ठेवलेला. त्याआधीच्या मेटलमध्ये प्रतिध्वनीची जी रेलचेल होती, ती तेथे काढून टाकली आहे आणि म्हणूनच तो वेग सोसवत नाही. तुमच्या आठ गाण्यांना पाऊण तास भरवण्याची सक्ती नाही, हेही त्यावरून कळेल.

गळ्याविषयी थोडेच सांगतो. डायनॅमिक माइक घ्या, रोज तासाभरापेक्षा जास्त किंचाळू नका, आणि घसा मोकळा होतो म्हणून कोणी फेणी पुढे केली तर ती रेकॉर्डिंग संपल्यावर घ्या.

आता आपल्या हवेविषयी. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाकूड फुगते, गिटारची मान हलते, तारा आठवड्यात गंजतात आणि कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस सुरू झाला की कंडेन्सर माइक बंदच करावा लागतो. चवथीच्या दिवसांत फटाके असतात. शक्य असल्यास ड्रम आणि गळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्यावेत. पावसाळ्यातच करणे भाग असेल तर गिटार ज्या खोलीत वाजणार, त्याच खोलीत एसी चालू ठेवून आदल्या रात्रीपासून ठेवाव्यात आणि माइक सिलिका जेलच्या डब्यात. भर उन्हाळ्याची वेगळी अडचण आहे. जांभ्याची जमीन वाळली की अर्थिंगचा रोध वाढतो आणि घरगुती वायरिंगमध्ये ५० आणि १०० हर्ट्झची घरघर शिरते, जी जास्त गेनवर तुमच्या खालच्या स्वरांशी मिसळून जाते आणि ‘गिचमिड’ या नावाने ओळखली जाते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, वायरमनकडून तपासून घ्या, सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवा. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढण्याचा उद्योग कोणीही करू नये. त्यात माणसे दगावतात.

घुमटाचा विचार मला मनापासून आवडला, पण ते ब्लास्ट बीटखाली ठेवलेत तर कोणालाही ऐकू येणार नाही. घुमटाच्या मडक्याचे मागचे तोंड डाव्या तळव्याने मिटत-उघडत जो खाली घसरणारा ‘घुम्’ निघतो, तीच त्याची खरी ताकद, आणि तो पुन्हा किक व बेसच्याच भागात बसतो. म्हणून त्याला गाण्याच्या सुरुवातीला किंवा मधल्या संथ भागात, बेसला गप्प करून, मोकळी जागा द्यावी. एक माइक चामड्याकडे आणि एक मागच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लावावा, आणि मागच्या माइकची फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून पाहावी. बहुतेक वेळा उलटीच बरोबर ठरते, कारण चामडे आत जाते तेव्हा मागून हवा बाहेर येते. शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) आणि कासाळेही (काशाची झांज) घेणार असाल तर कासाळ्याचा आवाज झांजांशी टक्कर घेतो, तेव्हा त्या भागात ड्रमरने फक्त टॉम वाजवावेत. घुमट बकरीच्या चामड्याचेच घ्या. घुमटाला पूर्वी घोरपडीचे चामडे लावत, पण घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि ‘जुने आहे, आजोबांचे आहे’ असे म्हणून ते व्हिडिओत दाखवणे शहाणपणाचे नाही. दमट दिवशी चामडे ढिले पडते. वाजवण्याआधी ते उन्हात किंवा दिव्याच्या उबेत धरावे. आरतीच्या पथकातला चांगला वादक सापडला तर त्याला क्लिकवर (कानात वाजणाऱ्या लयीच्या टिकटिकीवर) बसवू नका. आधी त्याची चाल रेकॉर्ड करा आणि तुम्ही तिच्यावर वाजवा.

येथवरचे थोडक्यात: खोलीवर विसंबणे सोडा, जाड तारा, दोन थर, कमी गेन, बेसला त्याची जागा, ड्रमला पैसे, आणि गाण्यात थांबे. यातले बहुतेक स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधीच करायचे आहे, आणि म्हणूनच मुंबई-बंगळुरूचा प्रश्न मी शेवटी ठेवला.

तुमच्या बजेटमध्ये मी अख्खा बँड घेऊन बाहेर जाणार नाही. प्रवास, राहणे आणि घड्याळाकडे पाहत वाजवणे यांत पैसा आणि आत्मविश्वास दोन्ही जातात. ड्रमसाठी गोव्यातच एखादी उंच छताची, चांगले माइक असलेली जागा दोन-तीन दिवस घ्यावी. गिटार आणि बेस घरी डीआयवर, घाई न करता पूर्ण करावे. आणि वाचलेला पैसा हा प्रकार रोज ऐकणाऱ्या, त्याच जातीचे अल्बम केलेल्या मिक्सिंग इंजिनिअरला द्यावा, मग तो कोणत्याही शहरात बसलेला असो. ब्राझीलच्या बेलो होरिझोंतेचा सेपुल्तुरा हा बँड १९८९ च्या ‘बिनीथ द रिमेन्स’च्या ध्वनिमुद्रणासाठी अमेरिकेला गेला नाही, फ्लोरिडाच्या मॉरिसाउंड स्टुडिओतला तरुण ध्वनितंत्रज्ञ स्कॉट बर्न्स रिओला आला आणि ध्वनिमुद्रण तेथेच झाले. बाजूला पडलेल्या गावाच्या बँडने यंत्रसामग्रीमागे धावण्यापेक्षा योग्य कान मिळवावा, असे मी त्यावरून समजतो. तुमचा ड्रमर मात्र क्लिकवर पक्का असेल आणि चौघांनाही सगळी गाणी एकदम, एका दमात वाजवता येत असतील, तर बाहेरच्या चांगल्या स्टुडिओत चार दिवसांत ड्रम आणि बेस लाइव्ह घेणे हा उत्तम पर्याय आहे. ती पात्रता आहे की नाही, हे अंगणातल्या प्रयोगात तुमचे तुम्हालाच कळेल.

मास्टरिंगमध्ये पातळी चढवण्याचा फायदा आता पूर्वीइतका राहिलेला नाही. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठे आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी पातळीच्या मापाच्या) आसपास खाली आणून वाजवतात. तुम्ही उणे ५ पर्यंत दाबलेले गाणे तेथे खाली ओढले जाते, आणि दाबताना गमावलेला स्नेअरचा घाव काही परत येत नाही. मेटलला थोडी दाट पातळी शोभते, त्यामुळे उणे ९-१० पर्यंत जायला हरकत नाही. शिखर उणे १ डेसिबलवर थांबवावे. मिक्स पाठवताना मास्टर चॅनलवरचा लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारे साधन) काढून पाठवावा. पुष्कळ बँड तो विसरतात आणि मग मास्टरिंग करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

तुमच्या तारांचा सध्याचा संच, गिटारची स्केल लांबी, आणि तीन गाण्यांपैकी कोणत्याही एकाचे गिटार, बेस व ड्रमचे वेगवेगळे ट्रॅक, प्रक्रिया न केलेले, ऐकायला मिळाले तर गिचमिड नेमकी कोठे आहे ते मी अधिक खात्रीने सांगू शकेन. बेसचा ट्रॅक आधी पाठवा.